दुसरीतल्या मुलीचं प्रगतीपुस्तक वाचून काहीच कळलं नाही, बाईंना नेमकं काय विचारू?

दुसरीची_आई

नमस्कार. मुलगी दुसरीत आहे, परवा पहिल्या सत्राचं प्रगतीपुस्तक हातात आलं आणि ते वाचून मला खरंच काही बोध झाला नाही म्हणून इथे विचारतेय. भाषा ब, गणित ब, चित्रकला अ. खाली शेरा, 'वाचनात प्रगती आहे, गणितात सरावाची गरज, स्वभाव शांत व मनमिळाऊ.' मागच्या वर्षीचं काढून शेजारी ठेवलं तर तिथेही भाषा ब, गणित ब आणि शेरा जवळपास हाच. मग वर्षभरात पोरगी पुढे गेली की होती तिथेच आहे?

पालकसभेला गेले होते. बाई चांगल्या आहेत, मुलीचा त्यांच्यावर जीव आहे, पण मागे एवढी रांग, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं, त्यात 'गुणी आहे हो, काळजी करू नका, घरी थोडं वाचन घ्या' एवढंच झालं. वाचन घ्या म्हणजे काय घेऊ, कसं घेऊ, ती कुठे अडतेय ते कळल्याशिवाय मी काय घेणार?

घरी मला दिसतं ते असं की ती गोष्टीचं पुस्तक वाचते पण मध्येच एखादा शब्द अंदाजाने ठोकून देते आणि पुढे जाते. वजाबाकी कधी पटकन बरोबर, कधी उत्तर भलतंच. नवरा म्हणतो दुसरीत कसली आलीये काळजी. जाऊबाईंच्या मुलाच्या शाळेत दर महिन्याला अ‍ॅपवर टक्के आणि वर्गातला नंबर येतो, त्या म्हणतात निदान मूल कुठे आहे ते तरी कळतं. मला दोन्ही पटत नाहीये.

हे अ ब क ठरवतात कसं, ते दर वर्षी तेच राहिलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, आणि बाईंना दुखावल्याशिवाय नेमकं काय विचारायचं? शिक्षक असाल तर प्लीज मोकळेपणाने सांगा.

खडू_फळा

ताई, मी प्राथमिकला शिकवते, पहिली ते चौथी सगळे वर्ग घेऊन झालेत. तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि बाईंना विचारलात तर त्यांना राग यायचं काही कारण नाही.

आधी हे समजून घ्या की वर्गात मूल्यमापन दोन प्रकारचं चालतं. एक रोजचं, म्हणजे मूल फळ्यावर गणित सोडवताना, वाचून दाखवताना, शेजारच्याला समजावून सांगताना शिक्षक बघत असतात आणि त्यावरून उद्या काय घ्यायचं ते ठरवतात. दुसरं सत्राच्या शेवटचं, आतापर्यंत किती आलं त्याची नोंद. या दोन्हीला वेगळी नावं देऊन फरक मांडला तो मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये, तेव्हापासून जगभर शिक्षक शिकताना हेच शिकतात. आता अडचण कुठे होते, तर घरी येतं ते फक्त दुसऱ्या प्रकारचं. पहिल्या प्रकारची माहिती, जी तुम्हाला खरी हवी आहे, ती बाईंच्या डोक्यात आणि मुलीच्या वहीतच राहते.

ब चं ब राहिलं म्हणजे मूल थांबलं असं अजिबात नाही. पहिलीत ब होता तो पहिलीच्या अपेक्षेने, दुसरीत ब आहे तो दुसरीच्या. अपेक्षा वर गेली आणि मुलगी तिच्याबरोबर वर गेली म्हणून अक्षर तेच राहिलं. पण याची दुसरी बाजू अशी की एखाद्या मुलाचा एक कच्चा दुवा दोन वर्षं तसाच राहिला तरी बाकीचं बरं असल्यामुळे ब चा ब च राहतो आणि तो दुवा कुणाला दिसत नाही. त्यामुळे अक्षरावर अडून राहू नका, त्याच्या आत काय आहे ते विचारा.

वजाबाकी कधी बरोबर कधी भलतीच म्हणालात ना, त्यावरून सांगते. वर्गात हे फार दिसतं. ५८ वजा २३ मूल बरोबर ३५ लिहितं. ५२ वजा १७ ला लिहितं ४५. आपण म्हणतो लक्ष नाही. पण नीट बघा, एककात २ आणि ७ आहेत, त्याने मोठ्यातून लहान वजा केला, ५ आले. दशकात ५ मधून १, आले ४. झाले ४५. ७० वजा ३२ ला तेच मूल ४२ लिहिणार, मी आत्ताच सांगते. ते मूल बेफिकीर नाही, ते एक नियम अगदी इमानदारीने पाळतंय, फक्त नियम चुकीचा आहे. हातचा घ्यायचा नसलेली सगळी उदाहरणं त्याची बरोबर येतात, घ्यायचा असलेली सगळी चुकतात. दहापैकी चार मार्क. आता शेजारच्या बाकावर दुसरं मूल, त्याला हातचा छान कळलाय पण हात हळू चालतो, चार उदाहरणं झाली आणि वेळ संपला. त्यालाही चार. दोघांच्या प्रगतीपुस्तकात 'सरावाची गरज'. पहिल्याने सराव केला तर तो चुकीचा नियमच पक्का करेल, त्याला काड्यांचे गठ्ठे सोडवून दशक मोडणं दाखवायला हवं. दुसऱ्याला खरंच फक्त सराव हवा.

म्हणून बाईंकडे एकच गोष्ट मागा, पेपर किंवा वही बघायला. 'बाई, हिची उत्तरपत्रिका जरा बघू का, कुठल्या प्रकारची गणितं चुकतायत ते मला कळेल' असं म्हणालात तर कुठलीही शिक्षिका आनंदाने दाखवेल.

वाचनाचं रात्री लिहिते, आता तास आहे.

रात्रपाळी

खडू_फळा मॅडम तुमचं सगळं पटतं पण मी जरा वेगळं बोलतो. मी पाळ्यांमध्ये काम करतो, बायको पण कामाला, आम्हाला दोघांना शाळेत जाऊन वही बघत बसायला मिळत नाही, पालकसभेची वेळ पण दुपारची. आम्हाला जे कागदावर येतं तेवढंच कळतं. आणि कागदावर काय येतं, 'प्रगती समाधानकारक', 'प्रयत्नशील', 'अजून वाव आहे'. माझ्या दोन्ही मुलांना एकाच वर्षी शब्दाला शब्द तोच शेरा आला होता, वर्ग वेगळे, बाई वेगळ्या, मुलं तर एकदम दोन टोकं. मग सांगा त्या शेऱ्यावर विश्वास कसा ठेवू?

आकडा असला की निदान कळतं ना. ७० चे ५५ झाले तर मला समजतं की काहीतरी बिघडलंय, मी सुट्टी काढून जाईन. शब्दांत सगळं गोड गोड लिहितात आणि चौथी-पाचवीत गेल्यावर अचानक सांगतात की मुलाला वाचता येत नाही. असं आमच्या ओळखीत झालंय, त्या आईबापांना चार वर्षं कुणी स्पष्ट सांगितलं नाही. गोड बोलून मुलाचं नुकसान होतं. मार्क काढून टाका म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा पण विचार करावा.

माजी_मुख्याध्यापक

रात्रपाळी, तुमचा राग योग्य जागी आहे. मोघम शेरा हा मुलावर अन्यायच आहे, आणि जे मागे पडलंय ते स्पष्ट शब्दांत सांगणं हे शाळेचं काम आहे, ते टाळणं म्हणजे दयाळूपणा नव्हे. मी मुख्याध्यापक असताना प्रगतीपुस्तकांवर सही करण्याआधी सगळे शेरे वाचायचो आणि जो शेरा वर्गातल्या कुठल्याही मुलाला चालला असता तो परत पाठवायचो. शिक्षकांची अडचणही खरी आहे, चाळीस मुलं, सगळे विषय, भरायला चार दिवस, त्यात आता कॉम्प्युटरवर तयार वाक्यांची यादी येते, त्यातून निवडायचं आणि पुढे. यादीतलं वाक्य कुणाबद्दलच नसतं.

पण आकड्याने तुम्हाला वाटतं तेवढं कळत नाही. ७० चे ५५ झाले म्हणजे मुलगा घसरला की पेपर अवघड होता? वर्गातला नंबर बारावरून अठरावर गेला, म्हणजे त्याला कमी येतं की बाकीच्यांना जास्त यायला लागलं? दोन्ही वेळा तुमच्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही त्याबद्दल एक अक्षर कळलेलं नाही. इंग्लंडमध्ये शाळांना मुलांची लेव्हल ठरवून द्यावी लागायची, पालकांनाही तीच कळवायचे. २०१४ पासून ती पद्धत सरकारने बंद केली, कारण मुलं आणि पालक 'मी अमुक लेव्हलचा' असं म्हणायला लागले आणि मूल आतल्या गोष्टी कच्च्या ठेवूनच पुढच्या लेव्हलला ढकललं जायचं.

अजून एक सांगतो, हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास आहे, इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर. काही मुलांना कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काय जमलं आणि काय सुधारायचं ते सांगणारा, आणि काहींना गुण अधिक शेरा. ज्यांना नुसता शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं, त्यांची आवडही टिकली. नुसते गुण मिळालेल्यांचं तसं झालं नाही. आणि गुण अधिक शेरावाल्यांचंही झालं नाही! आकडा दिसला की मूल तेवढाच बघतं, शेरा वायाच जातो. घरीही हेच होतं, आपण पण आधी अक्षर बघतो, मग शेजारच्याचं अक्षर विचारतो.

शेरा दिला की काम झालं असंही नाही. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अशा पुष्कळ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, शाळेतलेच नव्हे तर कामाच्या ठिकाणचेही. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर कामगिरी उलट खालावलेली होती. अभिप्राय कामावरून घसरून माणसावर गेला, 'तू हुशार आहेस', 'तू आळशी आहेस', की त्याचा उपयोग कमी होत जातो. म्हणून 'शांत व मनमिळाऊ' हा शेरा कितीही गोड असला तरी तो प्रगतीचा शेरा नाही.

रात्रपाळींना प्रत्यक्ष उपाय सांगतो. शाळेत जाता येत नसेल तर वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी किंवा मेसेज पाठवा, त्यात दोनच ओळी, 'मुलाला सध्या स्वतःचं स्वतः काय करता येतं? आणि येत्या महिन्यात तुम्ही त्याच्याकडून कुठली एक गोष्ट करून घेणार आहात?' एवढं उत्तर आलं की कुठल्याही टक्क्यापेक्षा जास्त कळेल. शिवाय 'इयत्तेच्या मानाने मागे आहे का, हो की नाही' हे थेट विचारा. पालकाला हे स्पष्ट कळण्याचा हक्क आहे.

खडू_फळा

सरांनी छान सांगितलं. आता वाचनाचं.

मूल शब्द अंदाजाने ठोकून देतं असं ताई म्हणाल्या. त्या अंदाजातच सगळी माहिती असते. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी एक साधी पद्धत बसवली, अजूनही खूप शाळांत वापरतात. मुलाने आधी न वाचलेला साधारण शंभर शब्दांचा उतारा द्यायचा, शिक्षकाने शेजारी बसून बरोबर वाचलेल्या प्रत्येक शब्दाला टिक करायची, चुकला तर मूल काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं. मध्ये सुधारायचं नाही. शंभरात ९५ किंवा जास्त बरोबर आले तर पुस्तक सोपं आहे, एकट्याने वाचू दे. ९० ते ९४ म्हणजे मोठ्या माणसाच्या मदतीने शिकायला योग्य. ९० च्या खाली गेलं तर ते पुस्तक आत्ता नको, तिथे मूल वाचत नाही, नुसतं झगडतं.

पण आकड्यापेक्षा चूक कशी आहे ते बघा. उताऱ्यात आहे 'माकडाने झाडावरून उडी मारली.' एक मूल वाचतं 'उडी घेतली'. अर्थ बरोबर आहे, म्हणजे ते गोष्ट समजून पुढे चाललंय, पण शब्दातली अक्षरं नीट बघत नाहीये. दुसरं मूल वाचतं 'उडी मावली'. ते अक्षरं बघतंय पण र चा व होतोय आणि आपण काय वाचलं त्याला अर्थ आहे का हे त्याला खटकत नाही. तिसरं म्हणतं 'मावली... अं... मारली'. हे तिसरं बघून मला फार आनंद होतो! स्वतःची चूक स्वतः पकडणं म्हणजे वाचन जमायला लागल्याची खूण, ती चूक मोजायची नाही. या तिघांना 'घरी वाचन घ्या' हा एकच सल्ला कसा चालेल? पहिल्याला बोट ठेवून शब्द शेवटपर्यंत बघायला सांगायचं, दुसऱ्याला वाक्य झाल्यावर 'म्हणजे काय झालं गं' विचारायचं, तिसऱ्याला मध्ये न बोलता वाट बघायची. आपण पालक घाई करतो, मूल अडखळलं की लगेच शब्द सांगून टाकतो, त्याने ते तिसरं कधी होतच नाही.

घरी करून बघा ताई. परीक्षा घेतेय असं तिला वाटता कामा नये. एवढंच जपा.

वर्गातलं_धाकटं

एक मुद्दा राहिला म्हणून लिहितेय. मुलीचा वाढदिवस कधी असतो? एकाच वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुलात जवळजवळ वर्षाचा फरक असू शकतो आणि सात वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सातवा भाग झाला. वर्गात वयाने लहान असलेली मुलं सुरुवातीच्या इयत्तांत सरासरीने मागे दिसतात हे बऱ्याच देशांत आढळलंय, पुढे तो फरक कमी होत जातो. प्रगतीपुस्तकात जन्मतारीख छापलेली असते पण अक्षर देताना तिचा विचार होत नाही. माझा मुलगा वर्गात सगळ्यात धाकटा आहे, त्याच्या बाईंनी आपणहून सांगितलं की त्याला त्याच्या मागच्या सत्राशी ताडून बघा, वर्गाशी नको, आणि वहीचं जूनमधलं पान आणि आताचं पान शेजारी ठेवून दाखवलं. तेवढ्याने मला सगळं कळलं. अर्थात वय लहान आहे म्हणून सगळंच सोडून द्यायचं असंही नाही, अडचण खरी असेल तर लवकर कळलेलीच बरी.

दुसरीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वाढदिवस वर्षाच्या मधला आहे त्यामुळे वयाचं तेवढं नसावं.

बाईंना मेसेज केला की पेपर बघायला मिळेल का, त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलीबरोबर घरी पाठवला, सही करून परत द्या म्हणाल्या. मी खडू_फळा ताईंचं वाचून वजाबाकीच शोधत होते पण आडवी-उभी मांडलेली गणितं जवळपास सगळी बरोबर आहेत, हातच्याची सुद्धा! चुकलीयेत ती शाब्दिक उदाहरणं. 'मीनाकडे ४३ मणी आहेत, राजूकडे तिच्यापेक्षा १८ कमी आहेत, तर राजूकडे किती' याला तिने ६१ लिहिलंय. अजून एकात तर दोन संख्या दिसल्या की सरळ बेरीज करून मोकळी. दोन रिकामीच सोडलीयेत.

मग मी काल तेच उदाहरण तिला तोंडी वाचून दाखवलं, सहज बोलता बोलता, तर लगेच म्हणाली राजूकडे कमी आहेत ना मग वजा, आणि २५ सांगितलं. आता मला कळेना की ही गणितात कच्ची आहे की वाचनात. वाचताना ती खरंच 'घेतली' वालीच आहे, गोष्ट कळते पण शब्द नीट बघत नाही, 'पेक्षा' वगैरे तर गाळूनच टाकते. हे बाईंना कसं सांगू, की हे मी फार खोलात जातेय?

खडू_फळा

अहो खोलात कसलं, तुम्ही जे केलंत तेच तर मूल्यमापन! तोंडी सांगितल्यावर वजाबाकी निवडली आणि उत्तर बरोबर आलं, म्हणजे हिशोब कळतोय. अडतंय ते वाचनात, आणि 'पेक्षा', 'उरले', 'प्रत्येकी' असले छोटे शब्द गाळले की शाब्दिक गणिताचा सगळा अर्थच उलटतो. म्हणजे प्रगतीपुस्तकात गणिताचा जो ब आहे त्यातला बराचसा भाग भाषेचा आहे. 'गणितात सरावाची गरज' वाचून तुम्ही तिला वजाबाकीची शंभर उदाहरणं घातली असतीत आणि ती बिचारी आधीच येतंय तेच करत बसली असती.

पण एका उदाहरणावरून पक्कं ठरवू नका. अजून तीन-चार तोंडी घेऊन बघा, वेगवेगळ्या प्रकारची, काही बेरजेची काही वजाबाकीची, म्हणजे अंदाजाने लागलं की खरंच कळलं ते दिसेल. आणि 'पेक्षा'ची उदाहरणं मुलांना मुळातच अवघड जातात हेही लक्षात असू द्या. वाचताना तिला आधी गोष्ट सांगायला लावा, 'कुणाकडे जास्त आहेत गं?' एवढंच विचारा, आकड्यांना हात लावायच्या आधी.

माजी_मुख्याध्यापक

बाईंना लिहाल तेव्हा निष्कर्ष न लिहिता जे दिसलं ते लिहा. 'उभ्या मांडणीतली गणितं येतात, शाब्दिक चुकतात. वाचून दाखवलं की बरोबर सांगते. वर्गात असंच दिसतं का?' असं. त्यात दोष देणं येत नाही, आणि शिक्षकाला लगेच तपासून बघता येतं. पुढच्या चाचणीत गणिताचा प्रश्न तिला एकदा वाचून दाखवता येईल का हेही विचारा, म्हणजे गणिताच्या पेपरात गणितच मोजलं जाईल. ती सवलत म्हणून मागू नका, माप बरोबर यावं म्हणून मागा. वाचनाचं काम वेगळं चालू राहीलच.

रात्रपाळी

हे वाचून मी पण काल मुलाचा पेपर मागवला. बाईंनी फोटो काढून पाठवला आणि खाली स्वतःहून दोन ओळी लिहिल्या की कशात अडतो ते. मला वाटलं होतं देणार नाहीत. मार्क हवेतच असं माझं अजून मत आहे पण त्या दोन ओळी जास्त कामाच्या निघाल्या हे मान्य करतो.

ताई, तुमचं काय झालं ते कळवा.

दुसरीची_आई

बाईंचं उत्तर आलं. म्हणाल्या वर्गात त्यांना हे वेगळं जाणवलं नव्हतं कारण तिथे शाब्दिक गणितं त्या स्वतः मोठ्याने वाचतात! पेपरात तिला एकटीने वाचावं लागलं. बुधवारी शाळा सुटल्यावर बोलावलंय, वाचनाची नोंद पण करून ठेवते म्हणाल्या.

खडू_फळा

छान झालं. जाताना मुलीलाही बरोबर न्या, आणि बोलणं तिच्यासमोरच होऊ द्या, तिला काय जमतं ते तिलाच आधी वाचून दाखवू दे.